पुंडलिकनगरला उतरणारी माणसं

अजिंठा
१२ नोव्हेंबर २०१२

अनसूयाताई,

जयभीम. तुम्ही नमस्कार म्हणून वाचा, पोचायचं ते पोचतं.

परवा फोन केला होता. तुम्हाला ऐकू येईना म्हणून मी ओरडले, आणि तुम्हाला सोडून सगळ्या अजिंठ्याला कळलं की भामाबाईचं औरंगाबादला काहीतरी काम अडलंय. दुसऱ्या दिवशी गिरणीवर गीताबाईनं विचारलं, झालं का काम? म्हणून आता पत्र. तुमचे कान बरे होईपर्यंत, म्हणजे आपण दोघी मरेपर्यंत, पत्रंच लिहू.

इकडं पाऊस झालाच नाही. टँकर एक दिवसाआड येतो आणि सरपंच त्याच्याशेजारी असा उभा राहतो, जसं काही पाणी त्यानंच पाडलंय. लेणी बघायला आलेले पाहुणे बाटलीतल्या पाण्यानं पाय धुतात. आमच्या बाया ते बघायला थांबतात. त्यांनी चित्रं बघावी, आम्ही त्यांचे पाय. साहेबराव असते तर हसले असते. जन्मभर लेण्याच्या दारात आरसा धरून उभा राहिला माणूस, बाहेरचं ऊन आतल्या भिंतीवर पाडायला. त्यांना जाऊन फेब्रुवारीत तीन वर्षं होतील. अजून सकाळी चहा दोघांचाच टाकते आणि दोन्ही कप मीच पिते.

आता काम. माझी मेघा बी.एस्सी. झाली, रसायनशास्त्र घेऊन, पहिल्या वर्गात. ती माझ्या बहिणीकडं, वच्छलाबाईकडं, संघमित्रानगरात राहते, तुमच्या पुंडलिकनगरातून नाला ओलांडून पुढं. तीन कंपन्यांत जाऊन आली. तिन्ही ठिकाणी मार्क नंतर बघितले, पत्ता आधी. पहिल्यानं विचारलं, संघमित्रानगर म्हणजे ते तिकडचं का? तिकडचं म्हणजे काय, ते तिला कळलं, मला कळलं, तुम्हालाही कळलं असेल. दुसरा म्हणाला, तिकडच्या मुली टिकत नाहीत. तिसरा भला माणूस होता. म्हणाला, आमची बस तिकडं येत नाही, सकाळी सहाला तुम्ही पोचणार कशा? ती म्हणाली, चालत येईन बसपर्यंत. तो म्हणाला, कळवतो. तो अजून कळवतोय.

तुमच्या गल्लीतली सावनी तिच्याच वर्गात होती. मेघाच्या वह्या उतरवून पास झाली आणि लागलीसुद्धा. पोरीबद्दल माझं काही म्हणणं नाही. बस तिच्या दारात येते, त्यात तिचा काय दोष.

तर तुमचा पत्ता उसना द्या. वाटीभर साखर देता तसा. साखर संपते, पत्ता संपत नाही, म्हणजे तुमचं नुकसान त्याहून कमी. सावनी लागली त्याच शेंद्र्याच्या औषधांच्या कंपनीत जागा निघाल्यात, त्यांची बस पुंडलिकनगरवरून जाते. तिथं अर्ज करायचाय.

नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा. मला राग येतो, पण टिकत नाही.

भामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
२१ नोव्हेंबर २०१२

प्रिय भामाबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचून हसले आणि मग वाईटही वाटलं. अहो, विचारायचं काय त्यात? घर तुमचंच आहे. हे बँकेच्या नोकरीत अजिंठ्याला होते, तेव्हा सात वर्षं आपण शेजारी राहिलो. माझी पुस्तकं वाचून वाचून तुम्ही शेवटी मलाच पुस्तकं सुचवायला लागलात. आणि एका पत्त्यासाठी एवढं मोठं पत्र!

मेघाला बोलावून घेतलं. अर्जावर "द्वारा श्रीरंग देऊळगावकर" असं लिहायला सांगितलं. हे जाऊन पाच वर्षं झाली, पण दारावरची पाटी मी काढलेली नाही, आणि पाटी असली की टपालवाला विचारत बसत नाही. तिला सगळं घर दाखवलं. कुणी विचारलं तर स्वयंपाकघर कुठं, गच्चीचा जिना कुठून, हे तिला सांगता यायला हवं ना.

मुलगी किती गुणी आहे हो! बोलणं स्वच्छ, राहणी नीटनेटकी. माझ्या मैत्रिणी आल्या होत्या, त्यांच्याशीही छान बोलली. कुणाला वाटणारही नाही.

इकडं नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे. जायकवाडी आटत चाललंय म्हणतात. पण नवीन इमारती थांबत नाहीत. आमच्या मागं सहा मजली उठतेय, तिला पाणी कुठून मिळतं कोण जाणे.

कळवत राहा.

तुमची,
अनसूया देऊळगावकर


अजिंठा
१६ डिसेंबर २०१२

अनसूयाताई,

मेघाची निवड झाली. मुलाखत घेणाऱ्यानं कागद वाचला आणि पहिलं वाक्य हे म्हणाला, "पुंडलिकनगर? अरे वा, मग बसचा प्रश्नच नाही." त्यानंतर रसायनशास्त्रातलं एकच काहीतरी विचारलं, तेही ह्याला आठवेना म्हणून हिनंच सांगितलं. तीच पोरगी, तेच मार्क, तोच ड्रेस. नुसता नाला ओलांडला तर एवढी हुशार झाली.

तुम्ही लिहिलंत, कुणाला वाटणारही नाही. काय वाटणार नाही, ते लिहायचं राहिलं. मी वाक्य पुरं करून बघितलं, दोन-तीन प्रकारे. तुम्ही कौतुकानं लिहिलंय, म्हणून कौतुकातच धरते.

आता दोन गोष्टी. एक, कामावर घेतलं असलं तरी कंपनीचा माणूस पत्ता तपासायला घरी येतो म्हणतात. तो आला की फार बोलू नका. खोटं थोडं असलं की खपतं. पहिले सहा महिने परीक्षेचे आहेत, त्यात काही निघालं तर दुसऱ्या दिवशी घरी.

दुसरी गोष्ट मी आधीच्या पत्रात लिहिणार होते, पण धीर झाला नाही. बस सकाळी सहाला. संघमित्रानगरातून तुमच्या कोपऱ्यापर्यंत अर्धा-पाऊण तास, अंधारात, नाल्याच्या कडेनं, आणि तिथली कुत्री पत्ता विचारत नाहीत. तुमची मागची खोली तुमचा मुलगा शंतनू पुण्याला गेल्यापासून बंद आहे. ती मेघाला भाड्यानं द्या. रीतसर भाडं देऊ. म्हणजे जे कागदावर आहे ते खरंच होईल, आणि आपल्यापैकी कुणालाच खोटं बोलायला नको.

घर माझंच आहे म्हणालात, म्हणून विचारलं.

भामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
१८ जानेवारी २०१३

प्रिय भामाबाई,

तिळगूळ घ्या, गोड बोला. तुम्हाला हे दरवर्षी सांगते, तुम्ही फक्त तिळगूळ घेता.

कंपनीचा माणूस येऊन गेला! संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी. इंद्रजीत नावाचा मुलगा, पंचविशीचा, अतिशय नम्र. चप्पल बाहेर काढून आला. तुम्ही कमी बोला म्हणाला होतात, पण मला वाटलं, अगदी गप्प बसलं तर संशय यायचा. म्हणून मेघा माझ्या लांबच्या नात्यातली भाची आहे म्हणून सांगितलं. शंतनूची खोली तिची म्हणून दाखवली. आदल्या दिवशीच तिची एक ओढणी मागून घेऊन दोरीवर वाळत घातली होती, ती त्यानं बघितली. सकाळी उठून तुळशीला पाणी घालते, संध्याकाळी माझ्याजवळ बसून रामरक्षा म्हणते, गुरुवारचा उपास कधी मोडत नाही, असं सगळं सांगितलं. तो मान डोलवत ऐकत होता. मग त्यानं आपणहून विचारलं, आवाज कसा आहे हो त्यांचा? मी म्हटलं, फार गोड. त्यानं आणखी दोन लाडू घेतले, कागदावर सही केली आणि वाकून नमस्कार करून गेला. मी तर म्हणते, आजकालच्या मुलांत इतके संस्कार दिसत नाहीत.

मेघाचं काम पक्कं झालं समजा.

खोलीचं मी विसरले नाही. पण शंतनूचं कपाट तिथंच आहे. भिंतीला ओलही आहे. शिवाय तिसऱ्या दिवशीचं पाणी एका माणसालाच पुरत नाही. तरण्या मुलीची जबाबदारी, उद्या काही झालं तर तुम्हाला काय तोंड दाखवू? भाडेकरू ठेवला की हल्ली पोलिसांत कळवावं लागतं म्हणे. सोसायटीचे अध्यक्षही कटकटे आहेत. आणि मी नऊला झोपते, तिची दुपारपाळी असली की दार कोण उघडणार? तुम्ही समजून घ्याल.

तुमची,
अनसूया


अजिंठा
५ फेब्रुवारी २०१३

अनसूयाताई,

हे पत्र वाचून गॅसवर जाळा. एका पोराची नोकरी आहे यात.

तुमचा तो संस्कारी इंद्रजीत संघमित्रानगरचाच आहे. वच्छलाबाईच्या घरापासून तिसरं दार. तो जन्मला तेव्हा नाळ वच्छलाबाईनंच कापली. मेघाला तो लहानपणापासून ओळखतो, तिनं त्याच्या बहिणीची शिकवणी घेतली आहे. अंगणात तुळस नाही, उपास कोणताच नाही, आणि रामरक्षा सोडा, चौदा एप्रिलला सगळ्यांबरोबर गाणं म्हणायला उभं केलं तरी ही नुसते ओठ हलवते, कारण तिचा आवाज बापावर गेला आहे.

त्या संध्याकाळी तो थेट वच्छलाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. लाडवाचे तीळ अजून दातात होते. म्हणाला, "मेघे, तुझा गुरुवार चुकला बघ, गेल्या आठवड्यात भाकरी खाल्लीस तू." वच्छलाबाई हसून हसून पडली. मेघाची मात्र मान वर होईना. त्यानं सही का केली विचाराल, तर त्याचं स्वतःचं घर चार वर्षं कागदावर शहरातल्या छावणी भागात आहे, एका टेलरच्या दुकानावर. पत्ते तपासायला कंपनीनं माणूस चांगला निवडला.

हसून झालं. आता खोली. ताई, तुम्ही सात कारणं लिहिलीत. एक लिहिलं असतं तर मी मानलं असतं. ओल आहे एवढंच म्हणाला असतात तर मी चुना घेऊन आले असते. सात कारणं माणूस तेव्हाच लिहितो, जेव्हा खरं आठवं असतं. ते मला माहीत आहे, तुम्ही शाई खर्चू नका. अजिंठ्याला तुम्ही मला पुस्तक द्यायच्या तेव्हा आधी ओट्यावर ठेवायच्या आणि मग मी उचलायची. तुमच्या सासूबाई खिडकीत बसलेल्या असायच्या, म्हणून मी ते त्यांच्या खात्यावर टाकलं होतं. त्या जाऊन पंधरा वर्षं झाली. पत्तासुद्धा तुम्ही मला तसाच दिलात. ओट्यावर ठेवलात, मी उचलला.

हे लिहून मला बरं वाटलं नाही. पण न लिहिता पुढचं पत्र लिहिता आलं नसतं.

मेघा चालत जाते. स्वेटर पाठवला आहे.

भामा


अजिंठा
२० एप्रिल २०१३

अनसूयाताई,

तुमचं पत्र नाही. टपाल हरवलं की तुम्ही, कळेना. माझ्या शेवटच्या पत्राचा पश्चात्ताप मला झालेला नाही, तेव्हा माफी मागायला हे पत्र नाही. एक बातमी आहे आणि तिच्यात तुमचं नाव येणार आहे, म्हणून आधी माझ्याकडून कळावी.

जयंतीला मी शहरात आले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आणि वच्छलाबाई मेघाला आणायला तुमच्या कोपऱ्यावर जाऊन थांबलो. तुमच्या घरावरून गेलो. दिवा लागला होता. आत आले नाही.

बस आली. दहा जण उतरले. सावनी तिच्या फाटकात गेली. बाकीचे नऊ जण काय करावं सुचत नसल्यासारखे पांगले. एकजण बूट बांधायला वाकला, बुटाला नाडी नव्हती. एक पोरगी कोथिंबिरीचा भाव विचारत राहिली. दोघं पानटपरीच्या मागं गेले. मेघा ऐटीत तुमच्या गल्लीत शिरली. बस वळून दिसेनाशी झाली आणि एकेक जण बाहेर यायला लागला. सगळे नाल्याच्या वाटेनं. पुढंमागं चालतात, मध्ये अंतर ठेवून, एकमेकांना न ओळखता. मेघाला वाटायचं ती एकटीच. प्रत्येकालाच तसं वाटायचं. कितीतरी महिने एकाच वाटेनं, एकाच वस्तीकडं, परके असल्यासारखे चालत होते.

वच्छलाबाईला बाकीच्यांचं हे नाटक माहीत नव्हतं. तिनं बूट बांधणाऱ्याला भर रस्त्यात हाक मारली, "अरे कचरूच्या पोरा, तू इथं काय करतोस रं?" तो जागच्या जागी थिजला. मग कोथिंबीरवाली हसली. मग सगळेच. नाल्याच्या पुलावर बसून नऊ जणांनी आपापले पत्ते सांगितले. तुमच्या पुंडलिकनगरात काय गर्दी आहे हो. दोघं पलीकडच्या मोहल्ल्यातले, ते किराणा दुकानात राहतात. एकजण दवाखान्यात. कोथिंबीरवाली तर एका रिकाम्या प्लॉटवर.

दुसऱ्या दिवशी सगळे मिळून बसच्या साहेबाकडं गेले. संघमित्रानगरच्या कमानीशी एक थांबा द्या म्हणाले, बस तशीही जवळूनच वळते. त्यानं कॉम्प्युटर उघडून बघितलं आणि म्हणाला, "तिथं आपला एकही माणूस राहत नाही. थांबा कुणासाठी देऊ?"

खरंच होतं त्याचं. तर आता नऊच्या नऊ जण खरा पत्ता लिहून देणार आहेत. मेघाची परीक्षा जूनमध्ये संपते. आत्ता लिहून दिलं तर खोटा पत्ता दिला म्हणून काढतील, जून उलटल्यावर लिहिलं तर तेवढं सोपं नाही काढणं. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "आई, मी मागं राहिले तर आठच राहतात, आणि नववी कुठली हे सगळ्यांना दिसतं."

मोठा साहेब चौकशीला तुमच्याकडं येईल. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. भाची म्हणालात तर तीच खोटी ठरेल. खरं सांगितलंत तर तुम्ही. फक्त इंद्रजीतचं नाव तोंडातून जाऊ देऊ नका.

भामा


पुंडलिकनगर, औरंगाबाद
१९ मे २०१३

भामाबाई,

टपाल हरवलं नव्हतं. फेब्रुवारीचं पत्र जाळायला सांगितलं होतंत, जाळलं. तरी ते पाठ होतं.

तुमचं एप्रिलचं पत्र आल्यावर चार दिवस मी संध्याकाळी खिडकीत उभी राहिले. मुलं उतरताना बघितली. पाच वर्षं या खिडकीत उभी राहते आणि मला वाटायचं, आपल्या कॉलनीत मुलं फार कामसू आहेत.

परवा साहेब आले. पन्नाशीचे, गाडीतून. पाटी वाचूनच त्यांचा चेहरा सैल झाला. मूळ गाव कोणतं, कुणाचे कोण, असं सगळं झालं. ओळख निघालीच, अशी नेहमी निघते. मग चहा पिताना म्हणाले, मावशी, तुम्ही भोळ्या. मुलीनं तुम्हाला फसवलं असं दोन ओळी लिहून द्या, बाकी मी बघतो. आपल्यातल्या म्हणून सांगतो, अशा लोकांना पत्ता देत जाऊ नका.

मी रात्रभर पाठ करून ठेवलेलं वेगळंच होतं. ते सगळं गेलं. माझ्या तोंडून एवढंच आलं:

"तिनं फसवलं नाही. मी पत्ता दिला. खोली रिकामी होती, ती दिली नाही. ती माझ्याकडं राहायला तयार होती, मीच नको म्हटलं. लिहून घ्यायचं तर हे लिहून घ्या."

ते म्हणाले, का नको म्हटलंत? मी सांगितलं, तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, आपल्यातल्या म्हणून, त्याच्यासाठी.

आठवं कारण तुम्हाला माहीत होतं, भामाबाई. मला ते स्वतःच्या तोंडून ऐकेपर्यंत इतकं स्पष्ट माहीत नव्हतं. किंवा होतं. आता तुमच्याशी असलं काही लिहिताना मलाच हसू येतं.

मग त्यांनी विचारलं की आधी तपासायला कोण आलं होतं, त्याला काय दाखवलंत. मला ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं विचारलं. तरी नाही. तिसऱ्यांदा ते इतके ओरडले की सावनीची आई गॅलरीत आली. मी त्यांना आणखी एक कप चहा दिला. कानांनी एवढी साथ मला कधी दिली नव्हती.

जाताना ते नमस्कार न करता गेले.

आता खोली. शंतनूचं कपाट टेम्पोत घालून त्याच्या पुण्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं. तो फोनवर चिडला, पण फोन असल्यामुळं मला त्रास झाला नाही. खोली झाडून पुसून तयार आहे. मेघाला कधीही येऊ दे. भाडं नको. सोसायटीच्या अध्यक्षांना मी कळवलं आहे, विचारलं नाही.

नोकरीचं काय झालं ते लगेच कळवा. मला झोप नाही.

अनसूया


अजिंठा
९ जून २०१३

अनसूयाताई,

झोपा आता. नोकरी राहिली.

साहेबाला नऊ जणांना काढायचं होतं. पण या उन्हाळ्यात गावोगाव लोक उलट्या-जुलाबानं आडवे झाले आणि जलसंजीवनीच्या पुड्यांची मागणी अशी वाढली की मशीन थांबवायची सोय नव्हती. आमच्या नळाला पाणी नाही म्हणून पोरांची नोकरी वाचली. दुष्काळानं कुणाचं भलं केलं, असं कुणी विचारलं तर नऊ नावं सांगता येतील. शिक्षा म्हणून सगळ्यांची परीक्षा आणखी सहा महिने वाढवली आहे. मेघा म्हणते, वाढवू द्या, खऱ्या पत्त्यावर वाढवली आहे. मला एवढं समाधान नाही वाटत. सावनीची परीक्षा कधीच संपली.

इंद्रजीत कागदावर अजून छावणीतच राहतो. त्याची आई आजारी आहे, त्याला इतक्यात धाडस परवडत नाही. मेघा त्याच्याशी पहिल्यासारखीच बोलते.

सोमवारपासून बस कमानीशी थांबते. पहिल्या दिवशी ड्रायव्हरनं पहाटे असा हॉर्न वाजवला की सगळी वस्ती उठून टँकर आला समजून हंडे घेऊन धावली. वच्छलाबाईनं त्याला खाली उतरवून सुनावलं, माणसं न्यायला आलास का उठवायला? आता तो नुसता दिवा उघडझाप करतो.

तुमच्या पत्रातलं साहेबाशी झालेलं बोलणं मी मेघाला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकूंना सांग, खोली नको. तुमच्यावर राग नाही तिचा. पण बस दारात आल्यावर दुसऱ्याच्या दारात राहायला जायचं कशाला, असं तिचं म्हणणं आहे, आणि वच्छलाबाईचं पाणी कोण भरणार? मला ते पटलं. तुम्हाला वाईट वाटेल हे माहीत असूनही लिहिते आहे. उशिरा दिलेलं घ्यायलाच पाहिजे असं काही नसतं.

तुमच्याबद्दल मात्र मला वेगळं सांगायचंय. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. घाटीच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली आहे, या महिन्याच्या शेवटची. आधी तपासण्या, नंतर पट्टी, असे पंधरा दिवस शहरात राहावं लागेल. वच्छलाबाईकडं पाण्याला आणखी एक तोंड नको.

तेव्हा मी येते. खोली उघडीच आहे म्हणता. भाडं देणार नाही, पाहुणी म्हणून येते. पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवायची तुमची पाळी असेल. पहाटेचं पाणी आपण दोघी मिळून भरू. रामरक्षा तुम्ही म्हणा, मी नाश्त्याचं बघते.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघते. दुपारी सगळ्यांसमोर, पिशवी घेऊन, पुढच्या दारानं येईन. सावनीची आई गॅलरीतून विचारेल, ही कोण आलीय? काय सांगायचं ते आत्तापासून ठरवून ठेवा. मी तिथंच उभी असेन.

भामा